अभेद्यतेची किंमत : भूमिकाखेळातील चिलखतधारी पात्र

नियमपुस्तिका हा वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न उपस्थित केला तर त्याचे उत्तर सहसा नकारार्थी मिळेल. नियमपुस्तिकेत कथानक नसते, निवेदक नसतो, अनुभवाचा घाट नसतो. असतात ती आज्ञार्थी वाक्ये आणि कोष्टके. परंतु १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने ज्या क्रीडाप्रकाराचा पाया घातला, त्या अद्भुतरम्य भूमिकाखेळाच्या संदर्भात हे उत्तर पुरेसे ठरत नाही. येथे चार-पाच खेळाडू मेजाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेऊन त्याच्या वतीने बोलतो. एक जण सूत्रधार होऊन भुयारे, राक्षस, गावे आणि त्यांतील माणसे यांची बाजू सांभाळतो. आणि कृतीचे फलित जिथे अनिश्चित असेल तिथे फासा टाकला जातो. यातून जे घडते ते कथनच असते, मात्र ते आधी कुणी लिहिलेले नसते. नियमपुस्तिका कथा सांगत नाही; कोणत्या कथा सहज संभवतील आणि कोणत्या जवळपास अशक्य होतील, हे ती ठरवते. त्या अर्थाने ती एका कथनप्रकाराचे काव्यशास्त्र असते, आणि तिच्या कोष्टकांची चिकित्सा ही त्या काव्यशास्त्राचीच चिकित्सा ठरते.

अशा चिकित्सेसाठी जड चिलखत घातलेल्या पात्राइतके उद्बोधक उदाहरण क्वचितच सापडेल. अभेद्य असणे हे वीरपात्राचे आकर्षण असते आणि भेद्य असणे ही कथानकाची अट असते. हा विरोध महाकाव्यात कवी सोडवतो. भूमिकाखेळात तो सोडवायला कवी नाही. तो नियमांनाच सोडवावा लागतो. खेळाडूंच्या परिभाषेत या प्रश्नाला ‘समतोल’ म्हणतात : कोणत्याही एका पात्राचे सामर्थ्य इतके वाढू नये की इतर पात्रे प्रेक्षक बनून राहतील. समतोलाचा विचार बहुधा अंकगणित म्हणून केला जातो, आणि अंकगणित त्यात आहेच. परंतु चिलखताला किंमत असावी एवढे मान्य केल्यावर खरा प्रश्न उरतो तो ही किंमत कोठे वसूल करावी हा. ती फाशावरच्या आकड्यातच वळती करून घेतली तर पात्रांमधील भेद पुसला जातो. ती कथेच्या काळातून वसूल केली, म्हणजे चालीतून, ओझ्यातून, रात्रीच्या मुक्कामातून, तर तीच घटना बनते. गेल्या पाच दशकांतील नियमपुस्तिकांचा प्रवास मोठ्या प्रमाणात दुसऱ्या मार्गाकडून पहिल्या मार्गाकडे झाला आहे, आणि त्यात जे गमावले गेले त्याची पुरेशी नोंद घेतली गेलेली नाही.

प्रारंभीची संहिता पाहू. गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ साली सिद्ध केलेल्या ‘चेनमेल’ या युद्धखेळाच्या नियमांत एकास एक द्वंद्वासाठी एक कोष्टक होते. त्यात एका बाजूला शस्त्रे आणि दुसऱ्या बाजूला चिलखतांचे प्रकार मांडलेले होते. खंजीर आणि गदा एकाच चिलखतापुढे निरनिराळी वागत. शस्त्र आणि चिलखत यांच्यात एक नाते होते. पत्र्याचे चिलखत हे ‘कशापुढे’ अभेद्य, असा प्रश्न विचारता येत असे. १९७४ च्या खेळात पर्याय म्हणून दिलेली आणि पुढे तीच रूढ झालेली लढाईची पद्धत मात्र वेगळी होती. तीत वीस पैलूंचा एक फासा आणि ‘आर्मर क्लास’, म्हणजे चिलखताची श्रेणी, एवढेच उरले. चिलखत नसलेल्याची श्रेणी ९, चामड्याच्या चिलखताची ७, साखळीच्या चिलखताची ५, पत्र्याच्या चिलखताची ३ आणि त्याला ढालीची जोड दिली की २. आकडा जितका लहान तितके संरक्षण अधिक, ही उलटी चाल नवख्याला आजही गोंधळात टाकते. या श्रेणीची कल्पना जहाजांच्या लढाईवरील नियमांतून घेतल्याचे खेळाचे दुसरे जनक डेव्ह आर्नेसन यांनी पुढे सांगितले. अमेरिकन यादवी युद्धातील पोलादी आवरणाच्या युद्धनौकांचा तो खेळ होता. हा तपशील गमतीदार खरा, पण त्याला सैद्धांतिक महत्त्वही आहे. जहाजाच्या बाबतीत कवच आणि कवचधारी हे एकच असतात. जहाज रात्री पोलाद उतरवून झोपत नाही. नौकेची ही कल्पना माणसाला लावली तेव्हा चिलखत ही वस्तू राहिली नाही. ते पात्राचा गुणधर्म झाले.

आता त्या गुणधर्माचे गणित. पहिल्या पातळीच्या लढवय्याला ९ श्रेणीच्या प्रतिस्पर्ध्यावर वार बसवण्यासाठी फाशावर १० किंवा अधिक लागतात. २ श्रेणीच्या प्रतिस्पर्ध्यावर १७ किंवा अधिक. म्हणजे शंभर वारांपैकी उघड्या माणसाला सरासरी ५५ बसतात, पत्रा आणि ढाल असलेल्याला २०. येथवर कुणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु श्रेणीची प्रत्येक पायरी शेकड्यातून पाचच वजा करत असली तरी तिचे मोल सारखे नसते. ५५ वरून ५० वर येणे म्हणजे येणाऱ्या वारांत अकरावा हिस्सा घटणे. २० वरून १५ वर येणे म्हणजे चौथा हिस्सा घटणे. १० वरून ५ वर येणे म्हणजे वार निम्मे होणे. ज्याच्याजवळ सर्वाधिक संरक्षण आहे त्यालाच पुढच्या प्रत्येक पायरीचा सर्वाधिक लाभ मिळतो. मंतरलेली ढाल सापडली तर ती मांत्रिकाच्या रक्षकाला देण्यापेक्षा आधीच चिलखतात बुडालेल्या योद्ध्याला देणे हिशेबाने शहाणपणाचे ठरते. भांडवल भांडवलाकडे जाते, तसेच हे.

येथून सूत्रधाराची कोंडी सुरू होते. चिलखतधारी पात्राला धोका जाणवावा म्हणून त्याने अधिक अचूक वार करणारे राक्षस आणले, समजा फाशावर ५ अधिक मिळवणारे, तर पत्रा व ढाल असलेल्यावर शंभरातले ४५ वार बसू लागतात. परंतु तेच राक्षस मांत्रिकाकडे वळले की त्याच्यावर ८० बसतात, आणि मांत्रिकाचे प्राणांक मुळातच तुटपुंजे. एकाला संकट वाटावे म्हणून आणलेले संकट दुसऱ्याचा अंत ठरते. उलट मांत्रिकाला सोसवेल असे संकट आणले तर चिलखतधाऱ्याला त्याची दखलही घ्यावी लागत नाही. राक्षस मांत्रिकाकडे वळणारच नाहीत अशी व्यवस्था सूत्रधार करू शकतो, आणि पुष्कळ सूत्रधार करतातही. पण मग भुयारातील सर्व प्राणी एकाच माणसाच्या अंगावर धावून का जातात, याचे उत्तर कथेत मिळत नाही. समतोलाच्या प्रश्नात जे पणाला लागलेले असते ते हे. चार माणसे एका भुयारात उतरली असली तरी ती एकाच कथेत आहेत असे म्हणता येत नाही. एकाची कथा विजययात्रेची होते, दुसऱ्याची शोकांतिकेची, आणि दोहोंना एकत्र बांधणारे भय नाहीसे होते.

१९७४ च्या संहितेला ही अडचण ठाऊक नव्हती असे मानणे चूक ठरेल. तिचे उत्तर त्या कोष्टकात नसून दुसरीकडे, ओझ्याच्या यादीत आहे. ती यादी रूक्ष दिसते आणि बहुतेक वाचक तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. येथे मात्र थोडे थांबणे आवश्यक आहे. त्या यादीत वजनाचे माप शेर किंवा पौंड असे नाही. ते आहे नाण्यांत. चामड्याच्या चिलखताचे वजन २५० नाणी, साखळीच्या चिलखताचे ५००, पत्र्याच्या चिलखताचे ७५०, ढालीचे १५०, शिरस्त्राणाचे ५०. ७५० नाण्यांपर्यंत ओझे असलेला माणूस १२ इंचांची चाल चालतो (मेजावरील नकाशाचे इंच), १००० पर्यंत ९ इंचांची, १५०० पर्यंत ६ इंचांची. पत्रा, ढाल आणि शिरस्त्राण यांचेच ओझे ९५० होते. तलवार आणि दोरखंड घेईतो हजाराची मर्यादा ओलांडली जाते आणि चाल निम्म्यावर येते. याच खेळात भुयारातून बाहेर काढलेले सोने हाच अनुभवाचा, म्हणजे पात्राच्या उन्नतीचा, मुख्य स्रोत आहे. तेव्हा अंगावरचे चिलखत आणि पाठीवरचे सोने ही एकाच तराजूत, एकाच मापाने तोलली जातात. पत्र्याचे चिलखत घालणे म्हणजे तितक्या वजनाचे सोने न उचलणे होय. जिवंत परतण्याची शक्यता आणि परतताना हाती काही असण्याची शक्यता यांत निवड करावी लागते. ती निवड चिलखत विकत घेताना सुरू होते आणि भुयारातून बाहेर पडण्याच्या प्रत्येक टप्प्यावर पुन्हा समोर येते.

चालीच्या मंदपणाचा परिणाम यापेक्षाही सूक्ष्म आहे. त्याच नियमांनुसार भुयारात प्रत्येक फेरीअखेर सूत्रधार सहा पैलूंचा फासा टाकतो आणि ६ पडल्यास भटका राक्षस समोर येतो. अशा राक्षसाजवळ संपत्ती असण्याची आशा कमी, इजा मात्र हमखास. निम्म्या चालीने तेच अंतर कापायला दुप्पट फेऱ्या लागतात, दुप्पट वेळा फासा पडतो, मशालीही दुप्पट जळतात. आणि टोळी नेहमी सर्वांत मंद माणसाच्या चालीने चालते. म्हणजे योद्ध्याच्या चिलखताची किंमत एकटा योद्धा देत नाही. मांत्रिक आणि चोर हेही ती देतात. याच कारणाने चिलखत हा टोळीतील चर्चेचा विषय होतो. कुणी त्याला मागे सोडून पुढची चाचपणी करायला जाईल, कुणी पळताना ढाल टाकून देण्याचा आग्रह धरील. यातील प्रत्येक गोष्ट प्रसंग आहे; संवाद आहे. नियम येथे आकडा कमी करत नाही. तो माणसांना एकमेकांशी बोलायला लावतो.

किमतीची बाजूही नमूद केली पाहिजे. १९७४ मध्ये पत्र्याचे चिलखत ५० सुवर्णनाण्यांना मिळत असे आणि तीन फाशांच्या बेरजेला दहाने गुणून येणारे आरंभीचे द्रव्य सरासरी १०५ असे. म्हणजे बहुतेक योद्धे पहिल्याच दिवशी पत्र्यात वावरू शकत. १९७८ च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीने ही किंमत ४०० केली, तर योद्ध्याचे आरंभीचे द्रव्य जास्तीत जास्त २०० ठेवले. चिलखत आता मिळवण्याची गोष्ट झाली. हा बदल साधा असला तरी चांगला आहे. पहिल्यांदा पत्रा अंगावर चढवण्याचा क्षण त्यामुळे कथेत येतो. मात्र एकदा ते मिळाले की किमतीचा परिणाम संपतो, आणि पुढे ओझ्याचा हिशेब ठेवला नाही तर चिलखत जवळपास फुकट होते.

आणि हिशेब ठेवला गेला नाही. भूमिकाखेळाच्या वाचनव्यवहारातील हे सर्वांत लक्षणीय तथ्य म्हणावे लागेल. नाण्यांची बेरीज-वजाबाकी कंटाळवाणी असते. मेजाभोवती जमलेल्यांना ती नको असते. नियमांचा वाचक हा येथे अर्थाने संहितेचा सहलेखक असतो. जो नियम तो वगळतो तो त्या मेजापुरता अस्तित्वातच नसतो. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने शस्त्र आणि चिलखत यांचे जुने नाते फेरफारांच्या कोष्टकाच्या रूपाने परत आणण्याचा प्रयत्न केला. १९७८ च्या आवृत्तीत ते कोष्टक अधिक विस्ताराने आले. आणि असंख्य मेजांवर ते वाचलेही गेले नाही. जे नियम चिलखताची किंमत वसूल करत होते तेच वाचकांनी गाळले आणि जो नियम त्याचा लाभ देत होता तो ठेवला. यानंतर जड चिलखत ‘असंतुलित’ आहे अशी तक्रार होणे अपरिहार्य होते. संहिता असंतुलित नव्हती. तिचे वाचन एकांगी होते. अर्थात संहितेलाही दोषमुक्त करता येत नाही. जी किंमत वसूल करण्यासाठी वाचकाला कारकून व्हावे लागते ती वसूल होणार नाही, हे कर्त्यांना कळायला हवे होते.

नंतरच्या कर्त्यांना ते कळले, आणि त्यांनी किंमत आकड्यातच आणून ठेवली. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने श्रेणीची चाल सुलटी केली : १० पासून सुरुवात आणि वर चढत जाणे. सोबत एक नवी अट आली. प्रत्येक चिलखत पात्राच्या चापल्याचा किती लाभ घेऊ देते याला मर्यादा पडली. चामड्याचे चिलखत श्रेणीत २ मिळवते आणि चापल्याचे ६ पर्यंत गुण चालू देते : बेरीज ८. साखळीचा सदरा ४ आणि ४ : बेरीज ८. छातीवरचे पत्र्याचे कवच ५ आणि ३ : बेरीज ८. पूर्ण साखळीचे चिलखत ५ आणि २ : बेरीज ७. पूर्ण पत्र्याचे ८ आणि १ : बेरीज ९. सगळे कोष्टक तपासले तरी बेरीज ६ ते ९ च्या बाहेर जात नाही. चपळ माणूस हलक्या चिलखतात आणि मंद माणूस जड चिलखतात जवळपास तेवढाच सुरक्षित असतो. अभियांत्रिकी म्हणून ही रचना नेटकी आहे, यात वाद नाही. परंतु वाङ्मयीन दृष्टीने तिने चिलखताला वेषभूषा केले. वीस पैलूंच्या फाशासमोर उभा राहिलेला पोलादाचा बुरूज आणि वार चुकवत नाचणारा तलवारबाज हे एकच आकडा दोन पोशाखांत दाखवतात. त्यांच्यावर कोणता वार चुकला आणि कोणता आदळून परतला, हे सूत्रधाराला शब्दांनी भरून काढावे लागते. नियमाला तो फरक ठाऊक नसतो. चालीचा ३० फुटांवरून २० फुटांवर येणारा मंदपणा आणि पोहणे-चढणे यांतील उणे गुण या आवृत्तीत राहिले, हे खरे. पण लढाईचा नकाशा आणि तिचे चौकोन हेच खेळाचे केंद्र बनल्यामुळे भुयारातील दीर्घ काळाला पूर्वीचे स्थान उरले नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हीच दिशा पुढे गेली आणि एका अर्थाने प्रश्न उलटा झाला. पत्र्याचे चिलखत श्रेणी १८ देते, चापल्याचा काहीही लाभ न घेता. हलक्यातले सर्वोत्तम, खिळे ठोकलेले चामडे, १२ आणि चापल्याचे ५ मिळून १७. अंतर एका आकड्याचे. शक्तिगुण १५ असेल तर पत्र्याने चाल कमी होत नाही. त्याच वेळी चापल्य मात्र पुढाकार, बाण, लपणे आणि कित्येक संकटांतून निसटणे या सर्वांना उपयोगी पडते. पूर्वी तक्रार होती ती चिलखतधारी फार बलवान होतो ही. आता विचारले जाऊ लागले की शहाण्या खेळाडूने पत्रा घालावाच कशाला. समतोल साधला गेला आणि जड चिलखताचे कारणच क्षीण झाले. तरीही एक किंमत या आवृत्तीने कथेत ठेवली आहे, ती आवाजाची. पत्रा घातलेल्याला लपून जाताना फासा दोनदा टाकून त्यातला लहान आकडा घ्यावा लागतो. परंतु टोळीने मिळून लपायचे असेल तेव्हा निम्म्या सदस्यांना यश आले तर सर्वांना यश, अशीही मुभा दिलेली आहे. इतरांनी त्याचा खणखणाट झाकून घेतला, असा तिचा अर्थ लावता येतो, आणि तो अर्थ सुंदर आहे. पण त्यामुळे चिलखतधाऱ्याला मागे ठेवावे की नाही ही चर्चा फाशाच्या एका फेकीत आटोपते.

चिलखताने वार चुकत नाही, तो सोसला जातो, असे मानणारी दुसरी परंपराही आरंभापासून आहे. केन सेंट आंद्रे यांच्या १९७५ च्या ‘टनेल्स अँड ट्रोल्स’मध्ये चिलखत वारातील इजा ठरावीक प्रमाणात शोषून घेते. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ने ही कल्पना पूर्णत्वाला नेली. तिचे प्रमुख कर्ते स्टीव्ह पेरिन यांना १९६६ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनॅक्रॉनिझम’ या मंडळात प्रत्यक्ष ढाल-तलवार घेऊन लढण्याचा अनुभव होता, आणि तो अनुभव नियमांत जाणवतो. वार शरीराच्या कोणत्या भागावर बसला हे फासा सांगतो. त्या भागावर जे आवरण असेल तेवढेच कामी येते. आणि अत्यंत अचूक वार चिलखताला जुमानत नाही. चिलखत येथे पुन्हा वस्तू झाले, तुकड्यातुकड्यांचे झाले. मात्र शोषणाच्या गणिताची स्वतःची विषमता आहे. लहान वार पूर्णतः शून्य होतात, मोठे जवळजवळ तसेच येतात. त्यामुळे दहा दुबळ्यांनी घेरलेला चिलखतधारी निर्धास्त असतो, हे इतिहासाच्याही विरुद्ध आहे : शेतकऱ्यांनी खाली पाडलेल्या सरदाराची गोष्ट असा खेळ सहजी सांगू शकत नाही. १९८६ च्या ‘वॉरहॅमर’ भूमिकाखेळात पात्राचा अंगभूत कणखरपणाही इजेतून वजा होत असे आणि चिलखताला मात्र एखाददुसराच गुण मिळे. परिणामी चिलखतातील माणसापेक्षा उघडा बुटका अधिक अभेद्य, असा विनोद खेळाडूंमध्ये रूढ झाला. त्याच वर्षीच्या ‘गर्प्स’ने चुकवणे आणि शोषणे असे दोन्ही गुण चिलखताला दिले, आणि २००४ च्या आवृत्तीत पहिला काढून टाकला.

ग्रेग स्टॅफर्ड यांचा १९८५ चा ‘पेंड्रॅगन’ या सर्वांहून वेगळा पडतो. राजा आर्थरच्या कथाचक्रावर आधारलेल्या या खेळात सर्व पात्रे सरदार आहेत, म्हणून सर्व चिलखतधारी आहेत. पात्रांमधल्या समतोलाचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : चिलखताचा असमतोल हा चिलखताचा दोष नसून मिश्र टोळीच्या संकेताचा परिणाम आहे. योद्धा, मांत्रिक, चोर आणि पुरोहित एकत्र भुयारात उतरतात, हा संकेत स्वीकारला की त्यांना एकाच तराजूत तोलण्याची निकड निर्माण होते.

नियमकर्ते आपल्या निर्णयांचे समर्थन अनेकदा वास्तवाच्या आधारे करतात. जड चिलखतात माणूस अवघडतो, वगैरे. हा आधार तपासून पाहावा असा आहे. पंधराव्या शतकातील पूर्ण चिलखत साधारणपणे २० ते २५ किलोचे असे आणि त्याचा भार सर्वांगावर वाटला जाई. फ्रेंच सेनानी बूसिको यांच्या चरित्रात ते शिरस्त्राणाखेरीज संपूर्ण चिलखतात कोलांटउडी मारत असत असे वर्णन आहे. सरदाराला यारीने उचलून घोड्यावर बसवण्याचे दृश्य १९४४ च्या ‘हेन्‍री द फिफ्थ’ या चित्रपटाने लोकांच्या मनात पक्के केले. त्याला इतिहासात आधार नाही. २०११ साली लीड्स येथील संशोधकांनी चिलखतातील प्रशिक्षित माणसांना चालत्या पट्ट्यावर चालवून मोजमाप केले, तेव्हा चालताना ऊर्जेचा व्यय २.१ ते २.३ पट आणि धावताना १.९ पट होतो असे आढळले; पायांवरचा भार प्रत्येक पावलागणिक हलवावा लागणे आणि छाती आवळल्याने श्वास अपुरा पडणे ही त्याची कारणे. म्हणजे चिलखत माणसाचे चापल्य हिरावत नाही, ते त्याला दमवते. चापल्याला मर्यादा घालणारे नियम, जे आज सर्वांत रूढ आहेत, तेच वास्तवापासून सर्वांत दूर आहेत. थकव्याचा हिशेब १९८४ च्या ‘रूनक्वेस्ट’ने ठेवून पाहिला, आणि त्याचीही गत नाण्यांच्या ओझ्यासारखीच झाली. वास्तव हे येथे निवडीचे कारण नसून निवडीवर चढवलेला मुलामा आहे.

खऱ्या इतिहासात चिलखताची मोठी किंमत शरीराने नव्हे, समाजाने दिली : घोडे, सेवक, गंज घासणारे हात, आणि या सगळ्यासाठी राबणारी गावे. रॉजे काय्वा यांनी १९५८ साली खेळांचे जे चार प्रकार मांडले त्यांतील स्पर्धा, दैव आणि अनुकरण हे तीन येथे एकत्र येतात. चिलखताची किंमत बहुधा पहिल्या दोहोंतच मोजली जाते आणि अनुकरणाचा, म्हणजे दुसऱ्या माणसाचे जीवन अंगीकारण्याचा, वाटा रिकामा राहतो.

अभेद्य वीराचे काय करावे, हा प्रश्न महाभारतकारांपुढेही होता. कर्णाचे कवच जन्मजात आहे. ते असताना अर्जुनाशी त्याचे युद्ध संभवत नाही. वनपर्वात इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येऊन ते मागतो. सूर्याने आधीच सावध केलेले असते, तरी कर्ण देतो आणि मोबदल्यात एकदाच वापरता येईल अशी शक्ती घेतो. ती पुढे द्रोणपर्वात घटोत्कचावर खर्ची पडते. कवच काढून घेण्यासाठी कवीने कर्णाचे बळ कमी केले नाही; त्याने कर्णाचा स्वभावच वापरला. कवच जाते ते दातृत्वामुळे, आणि म्हणून त्याचे जाणे ही कर्णाच्या चरित्राची मध्यवर्ती घटना होते. दुसरे उदाहरण जयद्रथवधाच्या दिवसाचे. द्रोणाने मंत्राने बांधलेले कवच घालून दुर्योधन अर्जुनासमोर येतो, बाण निष्फळ होतात, आणि अर्जुन त्याच्या तळहातांवर, जिथे कवच पोहोचत नाही तिथे, बाण मारून त्याला हटवतो. ‘रूनक्वेस्ट’च्या कर्त्यांना हा प्रसंग परका वाटला नसता.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये इंद्राचे काम एका विचित्र प्राण्याकडे आहे. ‘ग्रेहॉक’ पुरवणीत आलेला हा ‘रस्ट मॉन्स्टर’ लोखंडाला स्पर्श करताच त्याचा गंज करून खातो. प्लॅस्टिकच्या एका स्वस्त खेळण्यावरून त्याचे रूप सुचले, असे गायगॅक्स यांनीच सांगितले आहे. चिलखतधारी योद्धा त्याच्यापासून पळतो आणि उघडा मांत्रिक काठी घेऊन पुढे होतो. क्षणभर टोळीतील भूमिका पालटतात, हा या कल्पनेचा मोठा गुण. परंतु हा प्राणी मागत नाही, हिरावतो. खेळाडूने काही दिलेले नसते. सूत्रधाराने काढून घेतलेले असते. म्हणून मेजाभोवती त्याच्याविषयी रोष धुमसतो आणि तो रोष प्राण्यावर न जाता सूत्रधारावर जातो. चिलखताचा समतोल साधण्यासाठी असा प्राणी योजणारा सूत्रधार समस्या सोडवत नाही. तो न्यायाधीश असताना चोरी करतो.

याच्या तुलनेत तिसऱ्या आवृत्तीतील एक दुर्लक्षित तरतूद अधिक सखोल आहे. जड चिलखत घालून झोपणारा माणूस दुसऱ्या दिवशी थकलेला असतो, म्हणून रात्री ते उतरवावे लागते. पूर्ण पत्र्याचे चिलखत नीट चढवायला दुसऱ्याच्या मदतीने चार मिनिटे लागतात. मदतीला कुणी नसेल तर ते घाईघाईनेच, म्हणजे सैल आणि कमी संरक्षण देणारे असे, चढवता येते. चार मिनिटे म्हणजे त्या आवृत्तीच्या मापाने लढाईच्या चाळीस फेऱ्या. मुक्कामावर रात्री हल्ला झाला तर पात्रांतील सर्वांत बलवान माणूस सदऱ्यावर उभा असतो, आणि सेवक नसलेल्या या सरदाराला मागे वळून कुणाला तरी पट्टे आवळायला सांगावे लागते. ज्याच्या आड इतर तिघे दिवसभर चालत आले त्याच्या पाठीशी आता मांत्रिक गुडघे टेकून बकल शोधतो आहे, आणि तेवढा वेळ चोराला एकट्याने वाट अडवायची आहे. यासाठी कोणत्याही श्रेणीत बदल करावा लागलेला नाही. चोर उभा राहतो की पळतो, एवढेच नियमपुस्तिकेने सांगितलेले नाही.